घरच्या माणसांचे पैसे

पैसे मागायला जाताना कोणती साडी नेसावी, या विचारात मी आयुष्यातले बरेच तास घालवले आहेत. हे कुणाला सांगितलं की हसतात. पण रेशमी नेसून गेलं तर समोरच्याला वाटतं, हिचं बरं चाललंय, हिला कसली घाई. विटकी सुती नेसून गेलं तर वाटतं, ही बुडायलाच आलीय, आज ना उद्या दुकान बंद करील, मग द्यायचे तरी कशाला. म्हणून मी वसुलीसाठी एक वेगळी साडी ठेवली होती. राखाडी, बारीक काठाची, ना श्रीमंत ना गरीब. आमचे हे तिला 'वर्दी' म्हणायचे. "आज वर्दी काढलेली दिसते, कुणाचं नशीब फळफळलं?" असं पेपरातून डोकं न काढता विचारायचे. मला त्यात काडीचा विनोद दिसायचा नाही.

कसबा पेठेत आमचं गणवेश शिवायचं काम आहे. तीन खोल्या, सहा शिलाई मशिनं, एक लांबलचक कटिंगचं टेबल. सासऱ्यांनी सुरू केलं आणि ते गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. ह्यांनी सरकारी नोकरी केली, निवृत्त झाले, आणि दुकानाच्या पायरीवर काही त्यांनी पाऊल ठेवलं नाही. मशिनवर पाच बायका बसतात, आणि टेबलापाशी मास्तर उभे असतात.

मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. राहायला नाना पेठेत. त्यांच्या आजोबांचंही शिवणकामच होतं, पुण्यातच. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा मास्तर नुकतेच कामाला लागले होते, त्यामुळे ते मला अजून वहिनी म्हणतात. पुढे मध्यंतरी काही वर्षं कॅम्पातल्या एका दुकानात गेले होते, परत आले त्याला पंचवीस वर्षं झाली. कानामागे खडू, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. कापडाचा तागा हातात घेतला की यातून किती शर्ट निघतील हे ते तोंडी सांगतात आणि अर्धा शर्टही चुकत नाही. कापडाच्या बाबतीत एवढा हिशेबी माणूस, पण पगाराचं पाकीट त्यांनी माझ्यासमोर कधी उघडलं नाही. एक तारखेला मी पाकीट द्यायची, ते न मोजता आतल्या खिशात सरकवायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, मोजून तरी घ्या." तर म्हणाले, "इथं कसले मोजायचे?"

शिवाय दर महिन्याला दोन हजार रुपये ते माझ्याकडेच ठेवायचे. ही सासऱ्यांच्या काळातली रीत. घरात ठेवले की खर्च होतात, शेटजींकडे ठेवले की राहतात, असा जुन्या कामगारांचा हिशेब. मास्तरांच्या खिशात एक छोटी डायरी होती, माझ्या कपाटात एक वही होती, आणि दोन्हींतला आकडा नेहमी जुळायचा. गेल्या वर्षी जानेवारीत तो नव्वद हजार होता.

त्याच जानेवारीत एकदा दुपारचा डबा संपवून मास्तर माझ्या टेबलाशी आले. त्यांची नात नर्सिंगला आहे. तिची दुसऱ्या वर्षाची फी राहिली होती, ऐंशी हजार. "वीस मार्चपर्यंत भरायची आहे, वहिनी. नाही भरली तर परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत म्हणे."

मी हातातलं बिल लिहिता लिहिता म्हटलं, "अहो मास्तर, तुमचेच पैसे आहेत ते. तुमचे कुठे जातात?"

"तेच ना," मास्तर म्हणाले आणि टेबलाशी परत गेले.

आता खरी गोष्ट अशी होती की मास्तरांचे पैसे कपाटात नव्हतेच. ते कात्रजच्या पुढच्या एका शाळेतल्या पोरांच्या अंगावर होते. निळी चड्डी, पांढरा शर्ट, खिशावर संस्थेचं चिन्ह, अशा रूपात ते रोज सकाळी बसमध्ये चढत होते आणि शाळेच्या मैदानावर गुडघे खरचटून घेत होते. धंद्यात पैसा फिरता असतो असं म्हणतात. माझा जाऊन बसला होता.

त्या शाळेच्या अध्यक्षांचं घराणं मूळचं शेतकरी. गाव शहरात आलं, शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर इमारती झाल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शाळा आणि मंगल कार्यालय काढलं. माणूस दिसायला भारदस्त, बोलायला लोण्यासारखा. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ऑर्डर दिली, साठ हजार आगाऊ दिले, आणि म्हणाले, "ताई, शाळा उघडायच्या आत पायजेल." आम्ही दोन महिने रविवारसुद्धा पाळला नाही. मास्तरांचा उजवा अंगठा कात्रीनं सोलवटला, तरी पट्टी बांधून ते कापत राहिले. जूनमध्ये मी स्वतः टेम्पोबरोबर माल पोचवायला गेले. तिथं शाळेच्या खिडकीपाशी पालकांची रांग लागली होती. रोख पैसे मोजायचे आणि गणवेश घ्यायचा, असा रोखठोक कारभार. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या शर्टांचे पैसे त्यांच्या गल्ल्यात पडत होते. मला वाटलं, चला, आता आठवड्याभरात आपले येतील.

बाकी तीन लाख चाळीस हजार. जून गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्या बिलावरचा जीएसटीसुद्धा मी जुलैमध्ये भरून मोकळी झाले, म्हणजे जे पैसे मी पाहिले नाहीत त्यांच्यावरचा कर माझ्याच पदरचा. कर भरायला एक दिवस उशीर झाला तर सरकार दंड लावतं. अध्यक्षांना नऊ महिने उशीर झाला तर मी चहा घेते.

होय, चहाच. दर वेळी. मेट्रोनं स्वारगेट, तिथून कात्रजची बस, पुढे रिक्षा, आणि त्या थंडगार ऑफिसात बसून चहा. अकाउंटला एक तरुण मुलगी होती. तिच्याकडे माझ्यासाठी दर वेळी ताजं कारण असायचं. "मॅडम, सर साइटवर आहेत." "मॅडम, चेकबुक संपलंय, रिक्वेस्ट टाकलीय." "मॅडम, सिस्टिममध्ये तुमचं पेंडिंग अप्रूव्हल दाखवतंय." पितृपक्षात गेले तर पितृपक्षात मोठी देणी देत नाहीत. शुक्रवारी गेले तर शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. मी म्हटलं, "अहो, ही लक्ष्मी तुमची नाही, माझी आहे. ती बाहेर जात नाहीये, घरी येतेय." ती मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "मॅडम, मंडेला या ना." सोमवारी संस्थेची मीटिंग होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी माझ्या चेकला.

फेब्रुवारीत एकदा अध्यक्ष स्वतः सापडले. मी रस्ताभर वाक्यं पाठ करत गेले होते. साहेब, आता मला थांबणं शक्य नाही. साहेब, माझ्या माणसाची अडचण आहे. त्यांनी मला बघितलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "या या ताई! अरे, ताईंना पोहे आणा." माझी अर्धी वाक्यं तिथंच मेली. माणूस उठून उभा राहिला की त्याच्यावर ओरडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही.

तरी मी म्हटलं, "साहेब, आमच्या मास्तरांच्या नातीची फी भरायची आहे. वीस मार्चची मुदत आहे. सगळे नाही तर निदान एक लाख तरी द्या."

"ताई, तुमाला खोटं कशाला सांगू. सिमेंटवाला हाय, तो दारात यून शिव्या देतो. लाइटवाला वायर कापतो. बाहेरच्यांचं आधी भागवावं लागतं. तुमी घरच्या माणूस. तुमचं कुठं जातंय?"

मी समोरची बशी ओढली. पोहे खाल्ले. वर निघताना त्यांच्या शिपायांसाठी सहा जोड कपडे शिवून द्यायचं कबूल करून आले. उधारीवर. रिक्षात बसल्यावर मला माझाच इतका राग आला की रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त सांगितले तेव्हा मी त्याच्याशी भर रस्त्यात भांडले. तीन लाख चाळीस हजारांसाठी जे तोंड उघडलं नाही ते दहा रुपयांसाठी उघडलं.

सीएनं तोवर मला कायदा सांगून झाला होता. छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायलाच लागतात, तुम्ही तक्रार नोंदवा, व्याजासकट वसूल होतील. मी विचारलं, "आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर?" त्यावर त्याच्याकडे कलम नव्हतं.

ह्यांचं म्हणणं वेगळंच. "एफडी मोड आणि मास्तरांचे देऊन टाक." आमची दोन लाखांची एक एफडी होती, जूनमध्ये मुदत संपणारी. मी अंगावरच गेले त्यांच्या. "एफडीला हात लावायचा नाही!" आमच्याकडे भाऊ भाऊ वेगळे होतील, वीस वर्षांची मैत्री तुटेल, पण मुदतीआधी एफडी कुणी मोडणार नाही. आणि का मोडायची मी? माझे पैसे तिकडे अडकलेत, तिकडून आले पाहिजेत. तत्त्वाचा प्रश्न होता. हे "बरं" म्हणाले आणि पेपरात परत शिरले.

मार्च उजाडला, आणि शाळेतून फोन आला. त्याच मुलीचा, पण आवाजात साखर. महिला दिनाचा कार्यक्रम आहे, सरांनी स्वतः तुमचं नाव सुचवलंय, उद्योजिका म्हणून स्टेजवर सत्कार आहे. मी फोन ठेवला आणि मला एकदम हलकं वाटलं. मी असा विचार केला की ज्या बाईचे तीन लाख चाळीस हजार आपण देणं लागतो तिला चारशे लोकांसमोर कोण उभं करील? मनाशी काही ठरवल्याशिवाय नाही करणार. माणसाला लाज असते. सत्कार करायचा आणि चेक द्यायचा नाही असं कसं होईल?

मी आत जाऊन मास्तरांना सांगितलं, "आठ तारखेला मिळतायत. नऊला सकाळी तुमचे ऐंशी हजार तुमच्या हातात."

"बरं," मास्तर म्हणाले. कात्री चालूच होती, पण मला त्यांचे खांदे सैल झालेले दिसले.

आठ तारखेला मी वर्दी नेसले नाही. जांभळी रेशमी काढली. हे म्हणाले, "आज बिनवर्दीची?" मी म्हटलं, "आज वसुली नाही, सत्कार आहे."

मैदानात मांडव होता. समोर गावातल्या बायका, बाजूला मुलं रांगेनं उभी, सगळी माझ्या कपड्यांत. मी स्टेजवर बसून त्यांच्या कॉलरी बघत होते. नऊ महिन्यांनीही एकही कॉलर मुडपली नव्हती. मास्तरांचं कापणं म्हणजे मास्तरांचं. आम्ही चौघी सत्कारमूर्ती होतो. एक नर्स, एक बस कंडक्टर, एक रोपवाटिका चालवणारी आणि मी. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं माझ्या अंगावर शाल घातली, नारळ दिला, आणि एक लांब पांढरं पाकीट दिलं. जाड होतं. मी ते नारळाखाली घट्ट धरलं.

मग माइक समोर आला. चार शब्द बोला म्हणाले. मी आधी काही ठरवलं नव्हतं, पण हातात पाकीट होतं, अंगावर शाल होती, आणि समोर चारशे चेहरे होते. माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजही शब्दन्‌ शब्द आठवतं. मी म्हणाले, ही संस्था म्हणजे माझं घर आहे. इथं मला कधी परकं वाटलं नाही. छोट्या उद्योगाला असा आधार मिळाला तर बाई कुठल्या कुठे जाईल. टाळ्या कडाडल्या. अध्यक्षांनी हात जोडले.

कात्रजच्या चौकात मला बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. पाकीट मी तेव्हा उघडलं. आत जाड कागदाचं मानपत्र होतं, चार घड्या घातलेलं. त्यात मला कर्तृत्ववान म्हटलं होतं, मनमिळाऊ म्हटलं होतं, आणि निःस्वार्थी म्हटलं होतं. निःस्वार्थी! मी पाकिटात परत बोट घालून बघितलं. मानपत्राच्या घडीत बघितलं. शाल उलगडून झटकली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काही हरवलं का हो?" मी "हो" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. स्वारगेट येईपर्यंत तो नारळ माझ्या मांडीवर गडगडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत फोन लावला. "मॅडम, तुमचं स्पीच सरांना खूप आवडलं! आम्ही व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकलाय." मी विचारलं, चेकचं काय. "मॅडम, मार्च एंड चालू आहे ना." सीएला फोन केला, म्हटलं नोटीस पाठवायचीच. त्यानं तो व्हिडिओ तोवर बघितला होता. तो म्हणाला, "काकू, पाठवू की. पण तुम्हीच म्हणताय ना त्यात, छान आधार मिळतो म्हणून?" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मी शाल तशीच काखोटीला मारून दुकानात आले आणि कटिंगच्या टेबलावर आपटली. माझा तोल गेला होता. "बघा! नऊ महिन्यांचं हे फळ! शाल! ती काय शिजवून खायची? घरच्या माणूस म्हणतो मला, आणि पैसे देतो शिव्या घालणाऱ्यांना. जो तोंड उघडत नाही त्याचे पैसे दाबायचे आणि वर त्याच्याच गळ्यात हार घालायचा! ह्या माणसाला लाज कशी ती नाही!" बायकांनी मशिनं थांबवली. एक-दोघी पदराआड हसत होत्या, कारण मी चिडले की माझा आवाज चिरकतो.

मास्तरांनी टेबलावरचा खडू बाजूला केला, शालीला लागू नये म्हणून. मग सवयीनं शालीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. "ॲक्रिलिक आहे," ते म्हणाले. "काठ मशीनचा. असलीच एक माझ्याकडे आहे, वहिनी. मागल्या दिवाळीत तुम्ही दिलीत ना, पंचवीस वर्षं झाली म्हणून." आणि तिची व्यवस्थित घडी घालून त्यांनी ती माझ्या टेबलावर नेऊन ठेवली.

बोलण्यात खोच नव्हती. निदान मला तरी ऐकू आली नाही. मास्तरांनी कापडाबद्दल जे खरं ते सांगितलं होतं. पण बायकांचं हसणं बंद झालं आणि एकेकीनं मान खाली घालून मशीन सुरू केलं.

खरं सांगायचं तर माझा पहिला राग मास्तरांवरच निघाला, मनातल्या मनात. एवढ्या जणींसमोर बोलायची काय गरज होती? मी काय मुद्दाम थांबवलेत ह्यांचे पैसे? माझेच अडकलेत. दिवाळीची ती शाल मला आठवत होतीच. पेढे आणले होते, बायकांना बोनसची पाकिटं दिली होती, आणि मास्तरांना उभं करून मी म्हणाले होते की मास्तर म्हणजे काही कामगार नाहीत, ते घरचेच. त्यांचा बोनस त्या वेळी जमला नव्हता. पुढच्या महिन्यात देते म्हटलं होतं. पुढचा महिना कधी आला आणि कधी गेला ते मला आठवेना.

एवढं होऊनही मी बँकेत गेले नाही. मी गेले कात्रजला. वर्दी नेसून, सोळा तारखेला. तत्त्वाचा प्रश्न होता ना. चार तास बसले. चहा आला, मी तो घेतला नाही, एवढीच काय ती माझी बंडखोरी. शेवटी अध्यक्ष बाहेर आले, गाडीची किल्ली फिरवत. मी उभी राहिले आणि पहिल्यांदाच माझा आवाज चढला. "साहेब, मला आज पैसे हवेत."

त्यांचा चेहरा खरोखरच दुखावला. त्या चेहऱ्यावर मला लबाडी दिसली नाही, आणि तेच मला झोंबलं. "आसं काय करता ताई," ते म्हणाले. "आपण सत्कार केला की तुमचा!"

त्यांच्या लेखी विषय मिटला होता. मला मान दिला होता, घरची म्हटलं होतं, चारशे लोकांसमोर शाल घातली होती. आता आणखी काय पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि त्या क्षणी मला दिवाळीचा माझा स्वतःचा चेहरा दिसला. मास्तरांच्या अंगावर शाल घालताना मलाही असंच वाटलं होतं. केवढं केलं आपण मास्तरांसाठी!

परतीच्या बसमध्ये मी बोटांवर मोजलं. जानेवारीपासून मी कुणाकुणाचे पैसे दिले? कापडवाल्याचे दिले, कारण तो दुकानात येऊन बसतो आणि मोठ्यानं बोलतो. बायकांचे दर शनिवारी दिले, कारण एक आठवडा चुकला तर दोघी दुसरीकडे जातील. लाइटचं बिल दिलं. सिमेंटवाला, लाइटवाला, दुसरं काय? जो माणूस शिव्या देत नाही, सोडून जात नाही, पाकीट मोजत नाही, त्याचे राहिले. आणि एफडी तशीच होती, बँकेत, सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आत मी बँकेच्या पायरीवर उभी होते. काउंटरवरच्या मुलानं पावती बघितली. "काकू, जूनमध्ये मॅच्युअर होतेय. आत्ता मोडली तर नुकसान होईल."

"किती?"

त्यानं बटणं दाबली. "सोळाशे चाळीस."

मी विचारलं, "सोळाशे चाळीस काय?"

"रुपये," तो म्हणाला, जरा चमकून.

मी तिथंच स्टुलावर बसले. दोन महिने मी मास्तरांना सोळाशे चाळीस रुपयांसाठी थांबवलं होतं. एवढं तर माझं कात्रजचं जाण्यायेण्याचं भाडं झालं असेल. मी कधी विचारलंच नव्हतं. तत्त्व केवढ्याचं आहे ते मी बँकेत जाऊन एकदाही विचारलं नव्हतं.

कात्रजचे पैसे आले, नाही असं नाही. एप्रिलअखेर आले, नव्या वर्षाच्या ऑर्डरीबरोबर, आणि बटणं तुटतात म्हणून वीस हजार कापून. मी नवी ऑर्डर घेतली, पण निम्मे पैसे आधी आणि उरलेले माल उतरवायच्या आत, असं लिहून घेतलं. अध्यक्षांना वाईट वाटलं. त्यानंतर ते मला घरची म्हणाले नाहीत.

पण त्या दिवशी बँकेतून निघाले ती मी तडक दुकानात आले. मास्तरांचे नव्वद आणि राहिलेल्या बोनसचे पंधरा असे एक लाख पाच हजार मी एका पाकिटात घातले होते. सतरा तारीख होती, मुदतीला तीन दिवस होते, आणि मला वाटत होतं, सुटले एकदाची, वेळेत पोचले. मास्तर एकटेच होते. बायका यायच्या होत्या. मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "मास्तर, आज सुट्टी घ्या. आधी नातीची फी भरून या."

मास्तरांनी चष्मा वर केला. "फी भरली, वहिनी. परवाच."

"कुठून भरली?"

"घरातल्या बांगड्या ठेवल्या," ते म्हणाले. "नऊ तारीख गेली ना. मग म्हटलं, किती वाट बघायची."

मी काहीतरी बोलायला गेले. चूक झाली म्हणाले, की माझेच अडकले होते म्हणाले, की दोन्ही, आता आठवत नाही. मास्तरांनी मान हलवली, जशी ते कुणाचंही ऐकून हलवतात. मग त्यांनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं, हात पुसले, पाकीट उघडलं आणि नोटा बाहेर काढल्या. अंगठा जिभेला लावून ते मोजू लागले. अंगठ्यावर कात्रीचा जुना वण होता. मी समोर उभी होते. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी गठ्ठा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा मोजला.

"बरोबर आहेत," मास्तर म्हणाले.